डेकात अडकलेला ढावलो

दिग्रस
४ नोव्हेंबर २०२५

वर्षे,

डेक पोचला. ट्रॅव्हल्सवाल्यानं खोकं स्टँडसमोर उतरवलं, सही घेतली अन् गेला. वरचं अक्षर पाहून तुझे भाऊजी म्हणाले, चला, बहिणीले बहिणीची आठवण तं आली. मी म्हटलं, आठवण गेली खड्ड्यात, यात कुठंतरी पाणी मुरते. तीन वर्षं दाबून ठेवलेली वस्तू कोणी सुखासुखी परत करत नाही.

फोन काहून नाही केला म्हणशील. याडीसारखी माय गेल्यावर आपलं जे भांडण झालं ते तू मोबाईलात भरून जावयाले ऐकवलं. नाही म्हणू नको, त्याच्याच तोंडून निघालं. म्हणून आता कागदावर बोलते. कागद माझ्या आवाजात मलेच शिव्या देत नाही. तूही कागदावरच बोलजो.

खोकं मी एकटीनं उघडलं नाही. शेजारच्या उज्ज्वलाताईले साक्षीले बसवलं, नाही तं उद्या म्हणशील अमकं होतं, तमकं गायब झालं. आत तुझ्या लेकराची जुनी चादर, चादरीत बापूचा दोन कॅसेटचा डेक, अन् डेकावर चिकटवलेली चिठ्ठी. 'बाई, तू म्हणतेस मी तुझा ढावलो पुसला. कॅसेट आत अडकली आहे. मी उघडलेलं नाही, कुणाला उघडू दिलेलं नाही. आता तूच उघड.' बस. मोठ्या बहिणीले बाई म्हणते, पण ना नमस्कार, ना खुशाली. पुण्याले राहून बोलणं गोड होते म्हणतात, तुझं तं आणखी कडू झालं.

आता माझंही ऐक. त्या कॅसेटीत माझ्या लग्नाचा ढावलो आहे. मी याडीच्या गळ्यात पडून रडत गाऊन राह्यली अन् याडी मले गाऊनच उत्तर देऊन राह्यली, असा तो. याडीचा आवाज जगात दुसरीकडं कुठंच नाही. मोबाईलात तिचे व्हिडिओ आहेत, पण समोर मोबाईल धरला की ती ओढणी तोंडावर घ्यायची. हसते, हात हलवते, बोलत नाही. माय गेली, मले निदान तिचा आवाज पाहिजे. बाकी तुझ्याकडून काहीच नको.

तुले तो आवाज कायले सलत होता तेही मले माहीत आहे. तू यवतमाळच्या कोर्टात जाऊन लग्न केलं, जातीबाहेर. तांड्यात मांडव नाही, नंगारा नाही, ढावलो नाही. याडी तुझ्या लग्नाले आली नाही. पुढं एकदा तूच मले म्हटलं होतं, 'बस आयुष्यभर तुझा ढावलो ऐकत.' ज्याच्या पोटात असं जळते त्याच्या हातात ती कॅसेट पडली तं तो काय करंल? मीच नाही, कोणीही हेच म्हणंल.

डेक लावून पाह्यला. लाल लाइट लागते, चाकं फिरत नाहीत, कॅसेटचं दार उघडत नाही. खिडकीतून कॅसेट नुसती दिसते. मोडलेली वस्तू दुसऱ्याच्या दारात आणून ठेवायची अन् मग म्हणायचं तुमच्या हातून मोडली, हे मी अंगणवाडीत नोकरी करताना लय पाह्यलं. म्हणून डेकाचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवले.

लाली


दिग्रस
१६ नोव्हेंबर

वर्षे,

तुझं पत्र भेटलं. तू लिहिलं, डेक शब्बीरभाईंनाच दाखव, दुसऱ्या कुणाला देऊ नको. वाचताच मी सावध झाली. पुण्यात बसून तू मिस्त्रीही ठरवून ठेवला म्हणजे काय? त्याच्याशी तुझं काय बोलणं झालं? म्हणून मी मुद्दाम डेक मांडीवर घेऊन एसटीनं यवतमाळले गेली. तिथल्या टीव्हीवाल्यानं डेक उलटा केला, खुळखुळ्यासारखा हलवला, अन् पेचकस दाराच्या फटीत घालून आता जोर लावणार तेवढ्यात मी त्याचं मनगट धरलं. म्हणे, काकू, याच्यात आहेच काय, भंगारात द्या. मी डेक उचलला अन् दुसऱ्या एसटीनं परत आली. जाण्यायेण्यात दिवस गेला, पाठ धरली ती वेगळीच.

मग झक मारत शब्बीरभाईकडंच गेली. बापू होळीच्या आधी लेंगीची गाणी भरायले डेक साफ करून घ्यायचे ते त्याच्याचकडून, हे मलेही आठवते. पण तेव्हा दुकानात रेडिओ होते. आता मोबाईलचे कव्हर टांगले आहेत अन् त्याची बायको हुस्नाबी ते विकते. तो मागं बसून चष्म्यावर दुसरा चष्मा लावते. डेक पाहून म्हणे, हा तं तुमच्या बापूंचा. मी विचारलं, तुमाले कोणं सांगितलं? म्हणे, कोणं सांगाले पाह्यजे, ही मागची पट्टी मीच ठोकली व्हती. असंल. नसंलही.

त्यानं मागून डेक खोलला. आतला रबरी पट्टा विरघळून डांबर झाला होता, चाकाचाकाले चिकटलेला. कापसाचे बोळे स्पिरिटात बुडवून तो पुसत बसला अन् दुकानभर दवाखान्यासारखा वास सुटला. पुसून झाल्यावर छातीवर हात ठेवून म्हणे, बाई, मोटर मेली. दुसरी पाहावी लागंल, डेक ठेवून जा. मी म्हटलं, ठेवून तं मी माझ्या सख्ख्या बहिणीजवळही ठेवत नाही. डेक घेऊन घरी आली. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेला तं त्याले समजलं की मोटर चांगली आहे, वायर तुटली होती. मी विचारलं, काल मेलेली आज जिवंत कशी झाली? थोडीही लाज नाही माणसाले. म्हणे, डॉक्टरबी चुकते, बाई.

आता रोज सकाळी ऑटोत डेक नेते अन् संध्याकाळी घरी आणते. तो म्हणते, डेक हाय का दूधपितं लेकरू? म्हणू दे. दिवसभर मी त्याच्यासमोर स्टुलावर बसते. नजर हटवत नाही. हुस्नाबी चहा देते तोही मी कपाच्या कडेवरून पाहत पाहत पिते.

हुस्नाबीनं विचारलं, यात असं काय हाय? तिले सांगितलं. म्हटलं, आम्हा बंजाऱ्यांत नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडते अन् रडत रडत गाते. याडीच्या गळ्यात याडीचं, बापूच्या गळ्यात बापूचं, बहिणीचं वेगळं, काकीचं वेगळं. शिकलेलं असते, पण आपल्या मनातलंही त्यात येते. अन् जिच्या गळ्यात पडली ती बाई तिले गाऊनच उत्तर देते. उत्तर दिल्याशिवाय मिठी सोडत नाही. हुस्नाबीले ते लय आवडलं. शब्बीरभाई म्हणे, अन् माणसं? मी म्हटलं, माणसं नुसती उभी राहून नाक पुसतात.

तुझ्याशी त्याचं काही बोलणं झालं असंल तं आताच सांगून टाक. मागून समजलं तं वाईट होईल.

लाली


दिग्रस
१९ नोव्हेंबर

वर्षा,

कॅसेट निघाली. कशी निघाली ते ऐक, कारण तू नंतर म्हणशील की आम्हीच फाडली.

टेप रबराच्या रोलरभोवती गुंडाळून गच्च बसली होती. शब्बीरभाईनं मोठं चाक बोटानं उलटं फिरवलं अन् हुस्नाबीनं नखानं एकेक वेढा सोडवला. तिचा हात हलका आहे, याचा तं मोटरवरचा अंदाजही खरा नाही. रोलरवरचा तुकडा चुरगळून फाटला होता, तो कापावा लागला. कापलेला तुकडा मी मागून घेतला अन् काड्यापेटीत घालून घरी आणला. दोन टोकं एकमेकांले भिडवून त्यानं मागच्या बाजूनं चिकटपट्टी लावली अन् नखानं घासली. ते सारं माझ्या डोळ्यांदेखत झालं. घरी आणण्याआधी कॅसेटवर मी पोलिओ डोसाच्या वेळी लेकरांच्या बोटाले लावतात त्या जांभळ्या शाईची खूण केली. नोकरी सुटली तरी पेन माझ्याजवळ राह्यला. आता कॅसेट बदलली तं मले समजंल.

आता खरी गोष्ट. कॅसेटच्या पाठीवर बारक्या दोन खिडक्या असतात. त्यावरची प्लास्टिकची चकती तोडली की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही. माझ्या लग्नानंतर तुझ्या भाऊजीनं सायकलच्या किल्लीनं दोन्ही चकत्या तोडल्या होत्या, लालीचा ढावलो कोणी पुसू नये म्हणून. त्यातली एक खिडकी आता बुजवलेली आहे. दोऱ्याचा बोळा कोंबून. शब्बीरभाईनं चिमट्यानं तो बोळा काढला अन् माझ्याकडं न पाहता म्हणे, बाई, यावर कोणीतरी नवीन भरलं.

झालं? पटलं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. 'मी उघडलेलं नाही' म्हणे! उघडायची गरजच काय होती, जे करायचं ते करूनच दार लावलं. तुले ढावलो भेटला नाही यात माझा काय गुन्हा होता? तू तुझ्या मर्जीनं गेली, मी तुले हाकललं नव्हतं. माझ्याजवळ याडीचं तेवढंच होतं, वर्षा. तेवढंच. तेही तुले पाहवलं नाही.

डेक पुढं दुरुस्त करायची मले आता इच्छा नाही. हे पत्र शेवटचं समज.

लालीबाई राठोड


दिग्रस
२१ नोव्हेंबर

वर्षे,

परवाचं पत्र पोचलं असंल तं फाडू नको, पण त्यातली एक गोष्ट मी मागं घेते. माफी नाही मागत. गोष्ट मागं घेते.

तो दोऱ्याचा बोळा मी काड्यापेटीतच ठेवला होता, पुरावा म्हणून. काल दुपारी तुझ्या भाऊजीले दाखवायले काढला अन् सोडून पाह्यला. लाल दोरा, तीन पदरी वळलेला, मेणात घोळलेला. इतक्या वर्षांनीही बोटाले मेण लागलं. असा दोरा कोण वळत होतं ते तुलेही माहीत आहे. कांचळीवर आरसे बसवताना दोरा तुटू नये म्हणून याडी मेण लावायची अन् आपल्याले हात लावू द्यायची नाही. तू तं सुईत दोरा ओवायलेही माझ्याकडं यायची.

तो बोळा तुझ्या हातचा नाही. याडीच्या हातचा आहे. तिले कसं समजलं म्हणशील, तं बापू दर होळीले जुन्या कॅसेटवर नवीन लेंगी भरायचे तेव्हा अशीच खिडकी बुजवायचे अन् ती बाजूले बसून शिवत राहायची. तिले वाचता येत नव्हतं, पण पाहून सारं येत होतं.

म्हणजे माझ्या ढावलोवर याडीनं काहीतरी भरलं. माझ्या याडीनं. तुझे भाऊजी म्हणाले, चुकून झालं असंल. मी म्हटलं, मेणाचा दोरा वळून, खिडकीत कोंबून कोणी चुकून भरत नाही. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

तू मले खरं सांग. डेक तुझ्याकडं कसा आला? तू म्हटलं होतं याडीनं दिला अन् मी तुले खोटारडी म्हटलं होतं. कधी दिला, काय म्हणून दिला, तेव्हा मी कुठं होती? एकही शब्द गाळू नको. गाळला तं मले समजते.

लाली


दिग्रस
३ डिसेंबर

वर्षे,

तुझं मोठं पत्र आलं. दोनदा वाचलं. पहिल्यांदा चुका शोधायले अन् दुसऱ्यांदा नुसतं.

मी ट्रेनिंगले यवतमाळले होती तेव्हा तू लेकरं घेऊन तांड्यात येऊन गेली, हे मले तीन वर्षांत एकाही माणसानं सांगितलं नाही. सारा तांडा गप. याडीनं डेक तुझ्या ऑटोत ठेवला अन् म्हणाली, 'लालीले सांगू नको. घरी जाऊन एकटीच लाव.' हे वाचून माझ्या हातातला घास हातातच राह्यला. तिचं दुखणं-खुपणं, औषध-पाणी, तेल-वेणी सारं मी केलं, अन् सांगायचं नाही ते मलेच?

तू घरी जाऊन लावला, याडी खाकरली, 'वर्षा' म्हणाली, अन् तेवढ्यात आतून गुर्र आवाज येऊन सारं बंद पडलं. पुन्हा हात लावला तं तेवढंही जाईल या भीतीनं तू ठेवून दिला. ते मी मानते. मीही तेच केलं असतं.

आता इकडचं. शब्बीरभाईनं कुठल्यातरी भंगार डेकातला पट्टा काढून आपल्या डेकाले बसवला अन् काल कॅसेट लावली. आवाज आला तं कोण्या माणसाचा. जाडजूड, म्हैस हंबरते तसा. मी म्हटलं, शब्बीरभाई, हा माणूस कोण? हा आमच्या घरात कधी आला? तो हसाले लागला. म्हणे, माणूस नाही बाई, पट्टा दुसऱ्याचा हाय, टेप हळू फिरून राह्यली. मोटरच्या मागं एक भोक असते, त्यात बारका पेचकस घालून पेच फिरवला की चाल वाढते. पण किती फिरवायचा, हे त्याले कसं समजणार? याडीचा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो पेच फिरवत राह्यला अन् मी सांगत राह्यली. अजून. अजून थोडा. हा तं बापूसारखा झाला. अजून. आता पातळ झाला, मागं घे. केसभर मागं.

अन् मग याडी आली, वर्षे. तीच. नाकात थोडं बोलणारी, शब्दाच्या शेवटाले श्वास सोडणारी. मी स्टुलावरून खाली बसली. हुस्नाबीनं दुकानाचं शटर अर्धं ओढलं.

नंगारा नाही, बायांचा गलका नाही, मी नाही. याडी एकटी. आधी बोलते. आपल्या बोलीत बोलते, मी इथं मराठीत उतरवते. 'वर्षा, लालीचा ढावलो साऱ्या तांड्यानं ऐकला. तुझा कोणीच ऐकला नाही. म्हणून तिच्याच कॅसेटीवर भरते. तिचा माझ्या ध्यानात आहे.' अन् गायले लागली. तुझा ढावलो. नवरीचं तीच गाते अन् उत्तरही तीच देते. आधी तू तिच्या गळ्यात पडते, ते ती तुझ्या वतीनं रडून गाते, मग आवाज बदलून याडी होऊन तुले उत्तर देते. मग बापूच्या गळ्यात. बापू कधीचे गेलेले, तरी त्यांच्याही गळ्यात तुले घातलं.

मले काय वाटलं ते सांगू? मले राग आला. रडू नंतर, आधी राग. माझा एकुलता एक ढावलो याडीनं मले न विचारता पुसला, अन् कोणासाठी, जी सोडून गेली तिच्यासाठी. जवळ राह्यली तिचं पुसायचं अन् दूर गेली तिचं भरायचं, हा कोणता न्याय? मी उठून बटण दाबलं. शब्बीरभाई म्हणे, अजून बाकी हाय, बाई. मी म्हटलं, मले नाही ऐकायचं. डेक तिथंच टाकून घरी आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा डेक रातभर परक्याच्या दुकानात राह्यला अन् मी मागं वळूनही पाह्यलं नाही.

खरं सांगू तं मनात आलं होतं, तुले लिहून टाकावं की टेप खराब निघाली, काहीच वाजलं नाही. तुले कधी समजलं नसतं. पण याडीनं तुझं नाव घेतलेलं मी माझ्या कानानं ऐकलं. ते गिळून बसायले माझं पोट तेवढं मोठं नाही.

डेक दुरुस्त झाला. तुझी वस्तू तुले पाठवून देते, मग माझा अन् त्याचा संबंध संपला.

लाली


दिग्रस
५ डिसेंबर

वर्षे,

डेक पाठवला नाही. पाठवणारही नाही. आधी पूर्ण वाच, मग चिडजो.

काल मी डेक आणायले दुकानात गेली. हुस्नाबी म्हणे, आमी आवाजाले हातबी नाही लावला, तुमची माय हाय, तुमीच ऐका. मले वाटलं, आता आलीच आहे तं पाहून तं घेऊ आणखी काय काय पुसलं. लावला.

बापूचं झालं. मग याडी तुझ्या वतीनं माझ्याकडं वळली. माझं नाव घेतलं. तू माझ्या गळ्यात पडली आहे अन् गाऊन राह्यली, असं. की बाई, तुझ्या मागं मागं मी नदीवर आली, तुझ्या जुन्या कांचळ्या घालून मी मोठी झाली, तुझ्या पाठीवर बसून तांडा पाह्यला, आता मले कोणाच्या स्वाधीन करते? तू हे कधी म्हटलं नाही. पण याडी म्हणाली अन् मले ते तुझ्याच आवाजात ऐकू आलं.

अन् तिथं आवाज गेला. काहीच नाही. चाकं फिरून राह्यली, टेप चालून राह्यली, पण गाणं नाही. मी शब्बीरभाईवर तुटून पडली. म्हटलं, हेच कापलं तुम्ही! माझंच उत्तर कापलं! त्यानं कॅसेट काढली अन् चिकटपट्टीचा जोड दाखवला. जोड सुरुवातीले आहे, तुझ्या डेकानं टेप खाल्ली तिथं. मग मी म्हटलं, तं पुसलं असंल कोणीतरी. तू, दुसरं कोण! तेव्हा त्यानं कॅसेट परत लावली अन् आवाज पूर्ण वाढवला. म्हणे, पुसलेल्या टेपीत नुसती सरसर येते, बाई. कान देऊन ऐका.

मी डेकाले कान लावला. कोंबड्या ऐकू आल्या. आपल्या दारासमोरून बकऱ्या गेल्या. याडीच्या हातातले बलिये एकमेकांवर वाजले. अन् श्वास. याडीचा श्वास, वर्षे, अगदी माझ्या कानाजवळ. ती तिथंच बसलेली होती. गात नव्हती. थांबली होती.

सगळ्यांची उत्तरं तिनं दिली. स्वतःचं दिलं, मेलेल्या बापूची आठवण काढली, पुढं काकीचंही उत्तर दिलं. माझं दिलं नाही. माझं येत नव्हतं असं नाही. तिनंच तं मले शिकवलं. पुष्कळ वेळ ती तशी बसली, कोणी दारातून येणार असंल अशी, अन् मग गाण्यात नाही, साध्या बोलण्यात म्हणाली, 'राहू दे. ते लाली म्हणंल.' अन् काकीच्या गळ्यात तुले घालून पुढं गेली.

मी हुस्नाबीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. भर बाजारात, अर्ध्या शटरमागं, लेकरासारखी. तिले आपल्या बोलीचा एक शब्द समजत नव्हता, तरी तीही रडली. शब्बीरभाई उगाच कव्हर पुसत राह्यला.

मले तुझा राग अजून आहे. याडीचाही आहे. माझा ढावलो गेला तो गेलाच, तो काही परत येत नाही. पण तिनं मले बाहेर ठेवलं नव्हतं, एवढं मले समजलं. उलट मलेच काम लावून गेली. अन् तू याडीच्या तेराव्याले दारात आली तेव्हा मी तुझ्याकडं पाठ करून बसली होती, तेव्हाही ते काम तसंच पडून होतं, फक्त मले माहीत नव्हतं.

शब्बीरभाई म्हणते, टेप जुनी आहे, जास्त खेपा वाजवू नका. म्हणून मी ती पुन्हा लावली नाही. काल घरी नळ सोडून, भांडे घासता घासता मोठ्या बहिणीचं उत्तर म्हणून पाह्यलं. दुसऱ्याच ओळीले नळ बंद केला. तसंही भांड्यांसमोर ढावलो होत नाही. त्याले समोर माणूस लागते, गळ्यात हात लागते.

तू ये. जावयाले आण, लेकरं आण, मी कोणाले काही बोलणार नाही. उज्ज्वलाताई म्हणे, दोन लेकरांच्या मायचा आता कायचा ढावलो, लोक हसतील. मी म्हटलं, हसू दे, हसणाऱ्याले चहा पाजू. आपण दोघी डेकासमोर बसू. याडी तुझं गाईल, बापूचं गाईल, माझं नाव घेईल अन् थांबंल. तिथून मी म्हणीन. चुकली तं तू सांभाळून घेजो, तू हुशार आहे.

वेळ लावू नको, वर्षे. याडी कधीची थांबून राह्यली.

तुझी बाई